चुकलेल्या स्थानकासाठी गाडी मध्येच थांबवता येते का?

प्रश्न: वडील रात्रीच्या गाडीने कल्याणहून पाचोऱ्याला येतात. झोपेत स्थानक निघून गेले, तर टीटीईला (तिकीट तपासनीसाला) विनंती करून पुढच्या माहेजी किंवा शिरसोली स्थानकावर गाडी क्षणभर थांबवून घेता येते का?

उत्तर १: नाही, ताई. कुठे थांबायचे हे वेळापत्रक आणि नियंत्रण कक्ष ठरवतो. तो टीटीईच्या हातातला विषय नाही. पुरेसे कारण नसताना साखळी ओढणे हा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 141 नुसार गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि झोप लागणे हे पुरेसे कारण धरत नाहीत.

उत्तर २: दंडापेक्षा जिवाचे पाहा. साखळी ओढली की ब्रेकच्या नळीतली हवा सुटते, आणि गाडी फलाटावर नव्हे, खडीवर उभी राहते. जानेवारी 2025 मध्ये परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसची साखळी ओढली गेली आणि खाली उतरलेल्या दहाहून अधिक प्रवाशांना शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडले. अंधारात, तेही पिशव्या घेऊन, म्हाताऱ्या माणसाने तिथे उतरायचे?

उत्तर ३: स्थानक चुकलेच तर टीटीईला स्वतःहून सांगून जळगावपर्यंतचे जादा भाडे भरावे आणि तिथून परतीची गाडी धरावी. त्याआधी रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर तिकिटावरचा पीएनआर देऊन गंतव्य सूचना लावून ठेवा. स्थानक येण्यापूर्वी साधारण वीस मिनिटे फोन वाजतो. फोन मात्र उशाशी हवा, आमच्याकडे तो बॅगेत ठेवायची खोड आहे.