साचा तोच, मग गोळी लहान का?

वर ज्यांनी लिहिलंय की घरी बंदुकीच्या गोळ्या ओतायला .358 इंचाचा साचा घेतला पण मऊ शिशाची गोळी मायक्रोमीटरवर .356 च भरते, त्यांनी प्लीज साचा घासायची घाई करू नका, आधी भांड्यात काय वितळवलंय ते बघा. शुद्ध शिसं थंड होताना चांगलंच आकसतं, अँटिमनी (शिसं कडक करणारा धातू) मिसळली की आकसणं कमी होतं, म्हणून लायनोटाइपची (छापखान्यातली अक्षरं ओतायचं मिश्रण, 84% शिसं, 12 अँटिमनी, 4 कथील) गोळी त्याच साच्यातून मोठी निघते. साचे बनवणारे लायमनवाले साच्याचं माप त्यांच्या नंबर 2 मिश्रणावर धरतात, 90% शिसं, 5 कथील, 5 अँटिमनी.

मी इथे टेक्ससला गॅरेजमध्ये एकाच साच्यातून दोन्ही ओतून पाहिल्या, जवळपास दीड हजारांश इंचाचा फरक आला, आणि वजन बरोब्बर उलटं! छोटी मऊ गोळीच जड, कारण अँटिमनी आणि कथील दोन्ही शिशापेक्षा हलके.

कथलाने साईज फारशी वाढत नाही हं, त्याचं काम वेगळं, धातू कोपऱ्यात नीट शिरतो, गोळीवरच्या ग्रीस भरायच्या खाचांच्या कडा धारदार येतात. 2% पुरे, उगाच महाग कथील ओतू नका.

आणि बंदुकीच्या नळीचं माप घेतलंय का? नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या व्यासापेक्षा गोळी हजारांश इंचभर मोठी हवी, नाहीतर गॅस बाजूने निसटतो आणि नळीत शिसं चिकटतं, ते खरवडताना जीव जातो. ओतताना दार उघडं ठेवा, नंतर हात साबणाने धुवा, घरात लहान मुलं असतील तर कपडेही वेगळे धुवा.