घरपोच खरेदीच्या दिवसांत नव्या ओळखी कशा व्हाव्यात?

नवी पुणेकरीण:
नांदेडहून कोथरूडला येऊन आठ महिने झाले. भाजीपासून चपलांपर्यंत सारे मोबाइलवरून मागवते. त्यामुळे वेळ वाचतो हे खरे, पण नांदेडच्या किराणा दुकानात रांगेत उभ्या उभ्या जशा तीन मैत्रिणी जोडल्या गेल्या, तसे इथे काहीच घडलेले नाही. चाळिशीनंतर मैत्रिणी कुठे शोधायच्या?

पेठेतला वाचक:
ताई, २००७ साली फ्लिपकार्टने पुस्तकविक्रीपासून सुरुवात केली आणि २०१० मध्ये पुस्तक हाती आल्यावर पैसे देण्याची सोय केली, तेव्हापासून माझेही अप्पा बळवंत चौकात जाणे कमी झाले. सवलत मिळाली, मात्र शेजारी उभे राहून "हे वाचलंत का?" असे विचारणारे गिऱ्हाईक हरवले. आता महिन्यातून एकदा तरी मी मुद्दाम दुकानात जातो.

तिसरा मजला:
सगळा दोष मोबाइलला देऊ नये. मंडईत भाव करून परतणारी सगळीच माणसे काही मैत्री करून येत नव्हती. माझी जिवलग मैत्रीण तर पार्सलमुळेच मिळाली. तिचा कुकर चुकून माझ्या दारात आला, मी तो वर नेऊन दिला, तर खोक्यात शिट्टीच नव्हती. माझी जुनी शिट्टी त्याला बसते का, हे पाहता पाहता दोनदा चहा झाला.

नवी पुणेकरीण:
समोरच्या काकूंचे एक पार्सल कालपासून माझ्याकडे पडून आहे. रखवालदाराकडे ठेवणार होते; आता स्वतःच नेऊन देते.