लिमिटेड एडिशन चांदीचे बार घ्यावेत का साधेच घेत राहावं? सल्ला हवाय

साधी_वीट
नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं जमेल तशी थोडी थोडी चांदी घेतोय, आत्तापर्यंत सगळे साधे 100 ग्रॅमचे 999 वाले (म्हणजे 99.9 टक्के शुद्ध) बार, वर फक्त रिफायनरीचा शिक्का, वजन आणि नंबर, बाकी काही नाही. मागच्या महिन्यात जिथून नेहमी घेतो तिथे त्यांनी एक लिमिटेड एडिशन बार दाखवला, तोही 100 ग्रॅमचाच पण वर घोड्याचं उठावाचं काम, फक्त 5000 नग काढलेत म्हणे, लाकडी डबी, सर्टिफिकेट आणि किंमत धातूच्या दीडपटीपेक्षा जास्त. हातात घेतला आणि राहवलं नाही, घेऊन टाकला. आता ते म्हणतायत सेटमधले अजून तीन येणारेत, परत कधी काढणार नाहीत, त्यामुळे भाव नक्की वाढणार. हे पैसे मुलीच्या शिक्षणासाठी आहेत, 10-12 वर्षं हात लावायचा नाहीये. सेट पूर्ण करू का साधेच घेत राहू? आणि सर्टिफिकेट आहे म्हणजे बार खरा असं धरायचं का, की घरी काही तपासता येतं?

तोळा_मासा
दादा, आधी हे लक्षात घ्या की तो घोड्याचा बार घेताना तुम्ही दोन वस्तू घेतल्यात, एक चांदी आणि दुसरं घोड्याचं चित्र. चांदी जगात कुठेही, कुठल्याही दिवशी विकली जाते. चित्र विकायला मात्र ते चित्र आवडणारा आणि त्याचे पैसे मोजायला तयार असलेला माणूस शोधावा लागतो, आणि तुम्हाला फीचे पैसे भरायचेत त्याच आठवड्यात तो सापडायला पाहिजे.

आकडे धरून बघा, माझे अंदाजाचे आहेत पण हिशोब कळेल. धातूची किंमत 100 धरा. साधा बार 106 ला मिळाला आणि विकताना 98 मिळाले. नक्षीचा 160 ला घेतला आणि तोच व्यापारी परत घेताना फार तर 102 देणार, कारण तो वजनच बघतो. उद्या चांदी दीडपट झाली तर साध्याचे 147 येतील, म्हणजे 106 वर चांगला नफा, आणि नक्षीवाल्याचे 153, म्हणजे चांदी एवढी वाढूनसुद्धा तुम्ही तोट्यात! नुसती मुद्दल सुटायला चांदी जवळपास 57 टक्के वर जायला हवी.

विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, आज हाच बार मी तुम्हाला परत विकायला आणला तर किती द्याल. तो आकडा ऐकून काय ते ठरवा. शिक्षणाचे पैसे आहेत हो, त्यात चित्राची जोखीम कशाला.

ओतीव
वरच्यांचा हिशोब बरोबर आहे पण एक बाजू राहिली. मी जुने बार जमवतो, बरीच वर्षं झाली, आणि काही बारना वजनाच्या कितीतरी वर पैसे मिळतात हे खरंच आहे. पण ते कुठले बार आहेत ते बघा, म्हणजे तुमचं उत्तर मिळेल.

एंगेलहार्ड आणि जॉन्सन मॅथी, बार काढणाऱ्या ह्या दोन जुन्या कंपन्यांच्या नावांमागे जमवणारे लोक पळतात. हे बार निघाले तेव्हा कुणी त्यांना कलेक्टिबल म्हणून विकलं नव्हतं, साधा धातू होता, लोक वजनावर घ्यायचे आणि वजनावर मोडायचे. पुढे एंगेलहार्ड कंपनी 2006 मध्ये बीएएसएफ ह्या जर्मन कंपनीने घेतली, जॉन्सन मॅथीने सोन्याचांदीच्या रिफायनिंगचा धंदा 2015 ला असाही ह्या जपानी कंपनीला विकला. नवीन येणं थांबलं, जुने वितळत गेले, जे उरले ते दुर्मिळ झाले. ठरवून कुणीच केलं नाही ते.

उलट गंमत अमेरिकेत झाली. 1973-74 च्या सुमारास तिथे एक औंसाच्या (साधारण 31 ग्रॅम) चित्रवाल्या बारची लाटच आली होती, आर्ट बार म्हणायचे, खासगी टाकसाळी वेगवेगळ्या विषयांवर काढायच्या, मर्यादित संख्या, नंबर, सगळं अगदी तुमच्या घोड्यासारखंच. मग हंट बंधू ह्या तिथल्या धनाढ्य भावांच्या प्रचंड खरेदीने चांदी तापली, 1979 च्या सुरुवातीला औंसाला 6 डॉलरच्या आसपास होती ती जानेवारी 1980 मध्ये जवळपास 50 वर गेली. तेव्हा त्यातले ढीगभर बार लोकांनी सरळ भट्टीत घातले, चित्राला कोण विचारतो. काही डिझाइनचे थोडेच उरले म्हणून आज त्यांना किंमत आहे, पण बाकीचे बरेचसे अजूनही धातूच्या आसपासच जातात.

म्हणून माझं मत असं की जी वस्तू जन्मतःच दुर्मिळ म्हणून विकली जाते ती सगळेच डबीत जपून ठेवतात, 5000 काढले तर 30 वर्षांनीही बहुतेक सगळे 5000 शाबूत, मग टंचाई येणार कुठून?

हाताने ओतलेले जुने बार मला का आवडतात ते सांगतो, जरा विषयांतर आहे. वरच्या बाजूला धातू थंड होताना एकात एक रेघा उमटतात, पाण्यात खडा टाकल्यावर उमटतात तशा, आणि दोन बारच्या रेघा कधी सारख्या नसतात. तासन्‌तास बघत बसावंसं वाटतं. पण त्या आनंदाचे पैसे मी वेगळे काढतो, बचतीतून नाही.

आणि तुमच्या घोड्याला कधीही पॉलिश लावू नका, काळा पडला तरी. तो हवेतल्या गंधकाने होणारा सल्फाइडचा थर आहे, वजनाला काही होत नाही, पण घासलात की जमवणारा माणूस हात लावणार नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही नको, वर्षांनी हिरवट चिकट थर येतो.

मोडीचा_भाव
माझा अनुभव लिहिते. बाबा गेल्यावर त्यांच्या लोखंडी पेटीत चाळीसेक बार निघाले, जुन्या बनियनच्या तुकड्यात एकेक गुंडाळलेला. आम्हा भावंडांना त्यातलं काहीच कळत नव्हतं, सगळे नेऊन एकगठ्ठा वजनावर दिले, त्या माणसाने भाव बरोबर दिला, फसवलं असं मुळीच नाही. सहा महिन्यांनी बाबांची वही सापडली, त्यात तीन बारपुढे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "हे मोडू नयेत". कुठले तीन ते आता कधीच कळणार नाही. पैशाचं सोडा, त्यांनी जपलेलं आमच्या हातून भट्टीत गेलं हे अजून टोचतं.

तर साधी_वीट, घोडा ठेवणार असाल तर मुलीला आत्ताच सांगून ठेवा आणि डबीत चिठ्ठी टाका. साध्या बारचं बरं असतं, घरातल्या कुणालाही सांगावं लागत नाही, वजन हीच किंमत.

साधी_वीट
ताई, वाचून गलबलून आलं. चिठ्ठी आजच लिहितो. सगळ्यांचे आभार, तीन बारचं आगाऊ बुकिंग करणार होतो ते रद्द. खरंखोटं तपासण्याचं कुणी सांगेल का?

तोळा_मासा
सर्टिफिकेट हा कागद आहे, कागदाचीही नक्कल होते. लोहचुंबक आणि बर्फ ठेवून बघण्यावर विसंबू नका, चुंबकाने लोखंडासारखे मोजके धातू तेवढे पकडले जातात आणि बर्फ तांब्यावरही भराभर वितळतो. पाण्याची परीक्षा करा. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, मग बार दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा सोडा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. चांदीची घनता 10.49, म्हणजे ती पाण्याच्या तितके पट जड, म्हणून 100 ग्रॅमच्या बारला काट्यावर 9.53 ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. आत तांबं असेल तर 11.1 च्या पुढे, शिसं असेल तर 8.8. घोड्याला मात्र डबीतून काढू नका, साध्यांवर करा.

एक सांगायचं राहिलं, साधी चांदीसुद्धा लांब झोपते. मार्च 1980 मध्ये ती 11 डॉलरच्या खाली आली आणि परत 50 च्या जवळ जायला एप्रिल 2011 उजाडलं. 10-12 वर्षांत पैसे नक्की लागणार असतील तर सगळे ह्यातच ठेवू नका.

साधी_वीट
हो, अर्धे दुसरीकडे वळवतोय. आणि आत्ताच एका साध्या बारवर करून बघितलं, मुलगी काट्यापाशी बसली होती. आधी 9.8 दाखवलं, पोटात गोळाच आला, मग तिलाच दिसलं की बारच्या खालच्या अंगाला हवेचे बुडबुडे चिकटलेत. वर काढून, बोट फिरवून परत सोडला तर 9.54. उरलेले उद्या करतो.