पंचनाम्यात फक्त काकाचं नाव आलंय, आमची चूल वेगळी आहे. आता काय करायचं?

नदीपल्याड यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. गावाकडच्या घरात यंदा पुराचं पाणी शिरलं, कमरेच्या वर, अडीच दिवस तसंच होतं. आईबाबांना शाळेत हलवलं होतं आणि मी नोकरीच्या गावाहून पोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला. घर आजोबांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली, वारसनोंद अजून केलेली नाही (आळस, दुसरं काही कारण नाही). घर एकच पण मधे भिंत घालून दोन चुली, इकडे आम्ही तिकडे काका, रेशनकार्डं वेगळी, लाइटचे मीटर वेगळे. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आईबाबा शाळेतच, काका घरी होता, त्यानेच सही केली. आता ग्रामपंचायतीत यादी लागलीय तर त्यात काकाचं एकट्याचं नाव. काका म्हणतो मी दोघांचं सांगितलं होतं. खरंही असेल, माणूस वाईट नाही तो.

त्यात भर म्हणजे मागची मातीची भिंत पाणी ओसरल्यावर दोन दिवसांनी बसली, म्हणजे पंचनामा झाल्यावर. ती कुठेच नोंदलेली नाही. आणि एक जण घरी येऊन गेला, हजार रुपये द्या, नाव चढवून देतो म्हणाला. बाबा द्यायला तयार आहेत.

शिवाय संस्थांच्या गाड्या हायवेलगतच्या गावातच रिकाम्या होतात, आमच्यापर्यंत येतच नाहीत. तांदूळ डाळ आहे, खरंच आहे, भिंतीसाठी पैसे किंवा सामान देणारी संस्था कुणाला माहितीय का?

गाळउपसे यांचं उत्तर:

भावा, पहिली गोष्ट म्हणजे त्या हजारवाल्याला दारात उभा करू नकोस. नाव चढवायचा कागद फुकट असतो, पुढं सांगतीलच कुणीतरी. आमच्याकडं २०१९ ला असाच एक फिरत होता, निम्म्या गल्लीनं दिले आणि ज्यांनी दिले न्हाईत त्यांची पण नावं आलीच की.

२०१९ आणि २०२१ दोन्ही पूर बघितलेत आम्ही. २०१९ ला शहरी भागात कुटुंबाला १५,००० आणि ग्रामीण भागात १०,००० असं होतं. आम्ही नगरपालिका हद्दीत, रस्त्यापलीकडची वाडी ग्रामपंचायतीत, पाणी दोघांच्यात तेवढंच, चिखल बी तेवढाच. हे सांगायचं कारण म्हणजे नुकसान किती झालं यावर पैसे ठरत न्हाईत, कागदावर तू कुठल्या रकान्यात बसतोस त्यावर ठरतात. डोक्यात राग घालून घेऊ नकोस, रकाना बघ.

आणि भिंतीवर पाण्याची जी तपकिरी रेघ उठलीय ना, ती पुसू नको. बायकामाणसं पहिलं तेच घासाय लागतात. आमच्या आईनं घासली होती, मग साहेब विचारतोय पाणी कुठवर होतं, आणि आम्ही हात वर करून दाखवतोय. रेघेला टेप लावून फोटो काढ, फोटोत दार किंवा मीटर येऊ दे म्हणजे घर तुझंच हे कळतं. भिजलेल्या गाद्या, कपाट, मिक्सर जे काय टाकणार ते टाकायच्या आधी अंगणात मांडून एक फोटो.

माजी तलाठी यांचं उत्तर:

मी महसूल खात्यातून रिटायर झालो. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच.

तुमच्या प्रकरणात दोन वेगळे विषय आहेत आणि तुम्ही ते एकत्र केलेत, म्हणून गोंधळ वाटतोय. कपडे आणि भांडी यांची मदत ही राहणाऱ्या कुटुंबाला असते, घर कुणाच्या नावावर आहे याच्याशी तिचा संबंध नाही. भाडेकरूलाही मिळते. वेगळं रेशनकार्ड, वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब, त्यामुळे तुमच्या बाबांचा हक्क स्वतंत्र आहे, काकांच्या वाट्यातून काही कापून मिळणार नाही. हे काकांनाही सांगा म्हणजे घरात वातावरण बिघडणार नाही. भिंतीची मदत मात्र घराला आहे आणि तिथे मालकीचा प्रश्न येतो.

तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करा. पंचनाम्याच्या दिवशी आम्ही निवारा शिबिरात होतो, कुटुंब स्वतंत्र आहे, नाव राहून गेलं, आणि पंचनाम्यानंतर अमुक तारखेला मागची भिंत पडली, तरी फेरपंचनामा करून पुरवणी यादीत नाव घ्यावं. एवढंच लिहा, पुराचं वर्णन नको. सोबत दोन्ही रेशनकार्डांच्या झेरॉक्स, दोन्ही लाइट बिलं, घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा (घराच्या नोंदीचा) उतारा, फोटो. शिबिरात शाळेच्या रजिस्टरला नावं लिहिलेली असतात, त्याची नक्कल मिळाली तर फारच उत्तम, कारण तुम्ही त्या दिवशी घरी का नव्हता याचा तो सरकारी पुरावा. अर्ज आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, आमच्याही राहायचं नाही, पूर आला की एकेकाकडे चार चार गावं असायची.

वारसनोंद नसली तरी अडू नये. बाकीच्या वारसांचं संमतीपत्र द्यायचं की रक्कम अमक्याच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही. आत्या असतील तर त्यांच्याही सह्या लागतील, आत्ताच फोन करून ठेवा.

रकमेबद्दल अपेक्षा आधीच जमिनीवर आणतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००, तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर, म्हणून अर्जात "अडीच दिवस" हा शब्द हवाच. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,०००. अंशतः पडझड, म्हणजे किमान १५ टक्के, तर पक्क्याला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. गोठ्याला ३,०००. राज्य सरकार मोठ्या पुरात जीआर काढून यात वाढ करतं. २०२१ ला कपडे आणि भांडी मिळून १०,००० दिले, घर पूर्ण गेलेल्यांना १,५०,०००, निम्मं गेलं तर ५०,०००, पाव गेलं तर २५,००० आणि १५ टक्क्यांना १५,००० असे टप्पे होते. पण ते त्या पुरापुरतं. मागच्या वेळी शेजाऱ्याला इतके मिळाले हे टेबलावर बोलून उपयोग नसतो, या वेळचा जीआर काढून वाचा. आणि फेरपंचनाम्यात नुसतं "भिंत पडली" लिहू देऊ नका, घराच्या किती टक्के ते लिहायला सांगा. सगळा फरक त्या आकड्यात आहे.

उगाचच यांचं उत्तर:

एवढे कागद गोळा करून शेवटी ४,००० हातात. त्यापेक्षा गवंड्याच्या हाताखाली राबलेलं परवडतं.

माजी तलाठी यांचं उत्तर:

@उगाचच, बरोबर आहे तुमचं, रक्कम तुटपुंजीच आहे. पण ती नुकसानभरपाई नाहीच, जीआरमध्ये शब्दच सानुग्रह अनुदान असा असतो. भरपाई हवी तर विमा. तरी नाव यादीत असणं वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं, पुढे घरकुलासाठी किंवा बँकेत कर्जाला सवलत मागायला गेलात तर हाच पंचनामा पुढे करायचा असतो.

किटवाली यांचं उत्तर:

मी पाच सहा वर्षं पूरग्रस्त भागात एका छोट्या ग्रुपबरोबर जाते म्हणून संस्थांच्या बाजूचं सांगते. गाड्या हायवेलाच का थांबतात, तर टेम्पोवाला आत यायला तयार नसतो आणि आमच्याकडे आतल्या गावातला एकही ओळखीचा नंबर नसतो, बाकी काही राजकारण नाही. तुम्ही एकट्याच्या घरासाठी फोन केलात तर संस्था शंका घेते, खोटे फोन खूप येतात. त्याऐवजी वाडीतल्या सगळ्या पडलेल्या घरांची एका पानावर यादी करा, नाव, माणसं किती, काय पडलं, काय लागेल, आणि फोन करायला गावातलाच एक माणूस. अशी यादी आली की आम्ही अक्षरशः उड्या मारतो, कारण आमचा निम्मा वेळ तेच शोधण्यात जातो. सरकारी यादीत नाव नसेल तर तेही लिहा. बऱ्याच संस्था मुद्दाम सुटलेल्यांना आधी धरतात.

रोख पैसे देणाऱ्या संस्था कमी. पण पत्रे, सिमेंट, ताडपत्री, शिलाई मशीनची दुरुस्ती, पाण्यात गेलेली मोटर रिवाइंड करून देणं हे मिळतं, फक्त नेमकं मागावं लागतं. "काहीही चालेल" म्हणालात की जुने कपडे येतात. एका गावात समाजमंदिरात छतापर्यंत साड्यांचा ढीग बघितलाय मी, सगळ्या ओल्या, आणि बाहेर बायका झाडू आणि फिनेल कुठे मिळेल विचारत होत्या. मोठी देवस्थानं बहुतेक वेळा मुख्यमंत्री सहायता निधीला चेक देतात, त्यांच्या दारात वैयक्तिक अर्ज घेऊन जाऊ नका. तालुक्याचं रोटरी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप, गणपती मंडळं इथे काम लवकर होतं.

आणि हो, "तुमची मदत मंजूर झालीय, ओटीपी सांगा" असे फोन पुरानंतर हमखास येतात. बाबांना बजावून ठेवा.

नदीपल्याड यांचं उत्तर:

सगळ्यांचे खूप आभार. हजारवाल्याला काकानेच हाकललं, बाबा थोडे नाराज झाले पण ठीक आहे. अर्ज दिला, शिक्का घेतला. शाळेचं रजिस्टर मिळालं, त्यात आईबाबांची नावं आणि तारीख आहे, मुख्याध्यापकांनी नक्कल सही करून दिली.

एक नवीनच लफडं. ऊस पण कुजलाय, तो पंचनामा वेगळा झाला होता आणि शेताच्या यादीत बाबांचं नाव आलंय, विशिष्ट क्रमांक (मदतीच्या यादीतला प्रत्येकाचा नंबर) मिळाला, पण सेवा केंद्रात केवायसीला अंगठाच उठत नाही. सहा वेळा लावला. मशीनवाला म्हणतो हाताला तेल लावून उद्या या.

गाळउपसे यांचं उत्तर:

आयुष्यभर खुरपं धरलेल्या माणसाचा अंगठा कुठनं उठणार. डोळ्याचं मशीन असलेलं केंद्र शोध, आमच्या आज्जीचं तसंच झालं एका मिनिटात. आणि त्याआधी बाबांचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघ, आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून येतं. पैसे त्याच खात्यात जातात, तू पासबुक कुठलं दिलंस याला काय अर्थ नसतो. आमच्या चुलत्याचे पैसे कधीतरी उघडलेल्या जनधन खात्यात जाऊन पडले होते आणि हा दुसऱ्या बँकेत पासबुक भरून भरून दमला.

उसाचं म्हणशील तर केंद्राचा २०२२ ते २०२६ चा दर बागायतीला हेक्टरी १७,०००, तेही ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर आणि दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे गुंठ्याला साधारण १७० रुपये. मोजत बसू नको, घ्यायचे आणि खताला लावायचे.

माजी तलाठी यांचं उत्तर:

अर्जाचं काही हललं नाही तर तालुक्याच्या लोकशाही दिनाला जा, तिसरा सोमवार. आवक क्रमांक सोबत न्या.

नदीपल्याड यांचं उत्तर:

तशी वेळ येईल असं दिसत नाही, आजच फोन आला, फेरपंचनाम्याला गुरुवारी येतायत. आत्याने संमतीपत्रावर सही करून फोटो पाठवला, मूळ कागद एसटीच्या पार्सलने येतोय. वाडीतली यादी पण केली, पडलेली घरं आम्ही धरून अकरा निघाली, @किटवाली तुम्हाला मेसेज केलाय बघा. फक्त आईला पडलेल्या भिंतीचा ढिगारा डोळ्यासमोर नकोय, रोज सकाळी फावडं घेऊन उभी राहते. म्हटलं गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही, तोवर वर ताडपत्री टाकून ठेवलीय.