पोको: पहिल्या अल्बमवरचा बास नक्की कोणाचा? मदत हवी आहे

पोको या अमेरिकन कंट्री-रॉक बँडच्या अल्बमांची वादकांनुसार यादी करतोय. ‘पोको’ या दुसऱ्या अल्बमपासून (1970) बास गिटारवर टिमोथी श्मिट, ‘डिलिव्हरिन’नंतर (1971) गिटारिस्ट जिम मेसिनाच्या जागी पॉल कॉटन, ‘क्रेझी आइज’नंतर (1973) गायक-गिटारिस्ट रिची फ्युरे बाहेर, इथपर्यंत ठीक.

अडलंय पहिल्या, ‘पिकिन अप द पीसेस’वर (1969). मूळ बासवादक रँडी माइझनर रेकॉर्ड बाजारात येण्याआधीच गेला. त्याची मुख्य गायकी काढून ड्रमर जॉर्ज ग्रँथमकडून पुन्हा गाऊन घेतली, बास आणि मागचे आवाज ठेवले. (मुखपृष्ठावर त्याच्या जागी कुत्रा आला, तो भाग वेगळाच!)

डावं-उजवं चॅनल वेगळं करून ऐकलं. आवाज थोडेफार ओळखता येतात, बास नाही. 1989चा ‘लेगसी’ नकोय, तिथे मूळ पाचही जण आहेत.

मेसिनाने नंतर बास वाजवून भरलेली गाणी आहेत का, असल्यास कोणती?