मदत हवी आहे: मऊ, स्वप्नील फोटोंसाठी कोणती रशियन लेन्स? (उद्या सकाळपर्यंत ठरवायचंय)

धुकंधुकं: जुनी सोव्हिएत लेन्स घ्यायची आहे. कडा विरघळल्यासारख्या, मागची झाडं गोल गरगरलेली, चेहऱ्याभोवती हलकी आभा, तसले फोटो हवेत. हेलिऑस, जुपिटर, इंडस्टार वाचून वाचून डोकं उठलं. एक जण हेलिऑस ४४-२ देतोय, उद्या सकाळपर्यंत राखून ठेवतो म्हणाला. बजेट अडॅप्टर धरून ८ हजार. घेऊ की नको एवढंच सांगा, थिअरी नको.

भिंगरी: कॅमेरा कोणता?

काचकाम: थिअरी नको म्हणता, पण मागताय दोन वेगळ्या गोष्टी. मागची झाडं गरगरतात कारण चौकटीच्या कडेला तिरपा येणारा उजेड लेन्सच्या नळीच्या काठाने कापला जातो. गोल ठिपक्याचा बदाम होतो आणि ते बदाम मध्याभोवती रिंगण धरतात. आभा येते ती काचेच्या काठाकडून आलेले किरण मधल्या किरणांच्या जागी एकवटत नाहीत म्हणून. धारदार प्रतिमेवर धूसर थर बसतो. हेलिऑस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) मुख्यतः पहिल्या कामाची. आभा हवी तर जुपिटर-९ (८५ मिमी, एफ/२) पूर्ण उघडी ठेवून वापरा. भोक लहान करून एफ/४ केलीत की साध्वी होते, आभा गेली.

भिंगरी: जुपिटर-९ आठ हजारात? स्वप्नील आहे खरं. कॅमेरा सांगा हो.

धुकंधुकं: डीएसएलआर आहे. अडॅप्टर मिळतोच ना सगळ्याला.

खडूस: एसटी कुठली विचारलं तर ‘लाल’ म्हणून सांगितलंत.

पूर्वीचा_रोल: लेन्सबरोबर झेनिट-ई हा रोलचा कॅमेरा मिळत असेल तर सोडू नका. उजेड मोजायचा मीटर सेलेनियमचा, बॅटरी लागत नाही. खिडकीकडे धरा, सुई हलली तर सेल जिवंत. शटर १/३० ते १/५०० सेकंद आणि बी (बटण दाबून धराल तोवर उघडं).

खडूस: रोलचं कोणी विचारलं?

तेलपाणी: कॅमेरा कुठलाही असो, लेन्स आधी तपासा. अपर्चर (पात्यांचं भोक) पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा, पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. काचेवर सगळीकडे सारखी वाफ धरल्यासारखं दिसलं तर आतल्या ग्रीसचं बाष्प बसलंय, ते बहुतेक वेळा पुसलं जातं. पुढच्या काचेवरचे बारीक ओरखडे सोडून द्या, मागच्या काचेवरचा मात्र फोटोत दिसतो. पात्यांवर तेल असलं तरी ४४-२ ला फरक पडत नाही, कारण पाती हाताने फिरवायची असतात, स्प्रिंगने नाही. स्प्रिंगवाल्या ४४एम मध्ये तेच तेल पाती चिकटवतं.

फोकसची रिंग जड असणारच, जुनं ग्रीस वाळून मेणासारखं होतं. रिंगवरचे तीन बारीक स्क्रू सोडवून खोलता येते. पण आट्यांचे दोन भाग एकमेकांतून सुटतात त्या क्षणी दोन्हींवर टोकदार सुईने खूण करा. आटे अनेक तोंडांचे असतात, चुकीच्या तोंडात बसवलेत तर लांबचा फोकस गेला. लायटरच्या पेट्रोलने धुवा आणि नवं ग्रीस नखाएवढंच लावा. जास्त लावलंत तर उन्हाळ्यात पाघळून पात्यांवर जातं.

भिंगरी: ४४-२ च घ्या, ४४एम-४ च्या नादी लागू नका. ४४-२ ला ८ पाती, एम-४ ला ६. शिवाय एम-४ ला मागे पिन असते, ती दाबणारा काठ अडॅप्टरला नसेल तर लेन्स एफ/२ वरच अडकते.

खडूस: त्यांना एफ/२ वरच वापरायचीय. अडकली तर बरंच.

धुकंधुकं: निकॉन डी५३००. आता सांगा.

भिंगरी: अरे देवा.

काचकाम: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. एम४२ (४२ मिमी आट्यांच्या, ४४-२ त्यातलीच) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉनच्या एफ माउंटचं (लेन्स अडकवायच्या तोंडाचं) अंतरच ४६.५, वर अडॅप्टरची पत्रा-चकती साधारण १ मिमीची. म्हणजे लेन्स हवी त्यापेक्षा सुमारे २ मिमी पुढे बसते. ५८ चा वर्ग भागिले २, १६८२ मिमी, त्यात ५८ मिळवा. लेन्सपुढे पावणेदोन मीटरच्या पलीकडचं काहीच फोकसमध्ये येणार नाही. डोंगर, रस्ता, पूर्ण उभा माणूस विसरा. चेहरा आणि खांदे मिळतील. ४४-२ जवळ अर्ध्या मीटरपर्यंत जाते, तिकडे अडचण नाही.

दुसरं, डी५३०० मध्ये असल्या लेन्सला मीटर चालत नाही. एम (मॅन्युअल) मोड, शटर अंदाजाने, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून सुधारा. तिसरं, क्रॉप म्हणजे लहान सेन्सर. गरगर कडेलाच असते आणि कडा तर कापल्या. ५८ ची दिसते ८७ सारखी. उरलीसुरली गरगर हवी तर माणूस एक-दीड मीटरवर आणि त्याच्या मागे ३-४ मीटरवर पानांतून उजेड गळणारं झाड. भिंत उपयोगाची नाही.

भिंगरी: काचवाला अडॅप्टर लावा, अनंतापर्यंत, म्हणजे कितीही लांबचं फोकस होतं.

काचकाम: ती स्वस्तातली काच सगळ्याचा चिखल करते. शिवाय लहान टेलिकन्व्हर्टरसारखं काम करते, म्हणजे कडा अजून कापल्या.

भिंगरी: त्यांना चिखलच हवाय ना, मऊ-मऊ!

काचकाम: मऊ आणि पांढुरकं यात फरक असतो. समोरून उजेड आला की त्या काचेतून भुतासारखे डाग उमटतात आणि काळा रंग राखाडी होतो. आभेत काळा काळाच राहतो.

अनंत_फोकस: सरळ मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्या. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिमी. एम४२ च नाही, रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या २८.८ मिमी अंतरवाल्या जुपिटर-८, जुपिटर-३ पण बसतात.

खडूस: आठ हजारात. बरं.

जुगाडू: आहे त्याच लेन्सवर एक टाकाऊ यूव्ही फिल्टर बसवा. मधे रुपयाएवढी जागा कोरी ठेवून भोवती व्हॅसलिनचा पातळ हात, बोट मधून बाहेर ओढत. लेन्सच्या काचेला कधीही लावू नका, फक्त फिल्टरला. नाहीतर काळा पातळ स्टॉकिंग फिल्टरवर ताणून रबरबँड लावा. पांढरा घेऊ नका, त्याने सगळं फिकं पडतं.

कीव्ह_१९: अख्ख्या धाग्यात कोणी का लिहिलं नाही? सोव्हिएत लेन्स म्हणजे फक्त एम४२ नाही. कीव्हच्या आर्सेनल कारखान्याने कीव्ह-१७, १९, २० या कॅमेऱ्यांसाठी निकॉनच्याच माउंटमध्ये लेन्स केल्या. हेलिऑस-८१एन (५० मिमी, एफ/२) आणि कालेनार-५एन (१०० मिमी, एफ/२.८) शोधा. डी५३०० वर अडॅप्टरशिवाय बसतात, अनंतापर्यंत फोकस होतात. मीटर तरीही नाही. नावातला ‘एन’ बघूनच पैसे द्या. नुसती हेलिऑस-८१ ही कीव्ह-१० आणि १५ च्या वेगळ्याच माउंटची आहे, ती निकॉनला लागणार नाही.

काचकाम: हे खरं उत्तर. क्रॉपवर गरगर फारशी नसतीच मिळाली, कालेनारने निदान मागचं छान विरघळेल.

धुकंधुकं: मला गरगरच हवी होती पण ☹ चेहऱ्याचेच फोटो काढायचेत, पावणेदोन मीटर चालतील. विक्रेत्याने आत्ता फोटो पाठवलाय. पाती मोजली, १३ आहेत. जास्त म्हणजे चांगलंच ना?

तेलपाणी: थांबा. ४४-२ ला १३ पाती नसतात. ती त्याच्या आधीची, नुसती हेलिऑस-४४ असणार, आणि तिचे आटे ४२ चे नाही, बहुतेकदा ३९ मिमीचे असतात. तुमच्या एम४२ अडॅप्टरमध्ये तिचे आटे पकडणारच नाहीत. पुढच्या पट्टीवर आकडा काय कोरलाय ते वाचा.

धुकंधुकं: नुसता ४४. मग सोडून देऊ?

तेलपाणी: का सोडता? काच त्याच घराण्यातली, पात्यांचं भोक गोल. ३९ वरून ४२ ची पितळी रिंग मिळते, शे-दोनशेत. आधी विक्रेत्याला मागचे आटे फूटपट्टीवर धरून फोटो पाठवायला सांगा. आणि टॉर्चचा फोटो आलेला नाही अजून.