मदत हवी आहे: बेडकाच्या भ्रूणात विंट (पेशींना निरोप देणारं प्रथिन) आधी डोकं देतो आणि नंतर तोच काढून घेतो?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्राला आहे. सोमवारी सेमिनार आहे: झेनोपस बेडकाच्या भ्रूणातली जनुकं आणि सिग्नलिंग. (पावसाळ्यात हिप्परग्याच्या तळ्यावर बेडूक रात्रभर झोपू देत नाहीत, आणि आम्ही वाचायचं आफ्रिकेतल्या बेडकाबद्दल. असो.)

कळलंय ते आधी सांगते, चुकलं तर तिथेच अडवा.

फलन झालं की पहिलं विभाजन व्हायच्या आत अंड्याचा बाहेरचा थर आतल्या द्रव्यावरून साधारण 30 अंश सरकतो. शुक्राणू शिरला त्याच्या समोरच्या बाजूला बीटा-कॅटेनिन (जनुकं चालू करायला मदत करणारं प्रथिन) साठतं आणि ती पाठ ठरते. तिथे पुढे ऑर्गनायझर (शेजारच्या पेशींनी काय व्हायचं ते ठरवणारा पेशींचा गट) तयार होतो. स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी 1924 मध्ये दाखवलेला तोच, फक्त त्यांचा प्रयोग न्यूटवरचा होता. ऑर्गनायझर कॉर्डिन आणि नॉगिन ही प्रथिनं सोडतो, ती बीएमपी या दुसऱ्या निरोप देणाऱ्या प्रथिनाला धरून ठेवतात. बीएमपी पोचलं तिथे त्वचा, नाही पोचलं तिथे मेंदू-मज्जारज्जू. म्हणजे एक्टोडर्मचा (भ्रूणातल्या सगळ्यात बाहेरच्या पेशींच्या थराचा) मूळ कल मेंदूकडेच, हुकूम लागतो तो त्वचा व्हायला! माझ्या डोक्यात इतकी वर्षं नेमकं उलटं होतं.

आता घोडं अडलंय ते इथे. विंटमुळे बीटा-कॅटेनिन टिकतं. पोटाकडच्या पेशीत विंट-8 चा आरएनए टोचला तर दोन डोक्यांचा बेडूकमासा होतो. पण त्याच विंट-8 चा डीएनए टोचला तर डोकंच नीट होत नाही. शिवाय ऑर्गनायझर स्वतः डिककॉफ नावाचं प्रथिन सोडून विंट अडवतो, तेही डोकं व्हावं म्हणून. मग विंट डोक्याच्या बाजूचा की विरुद्ध? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "वाचून काढ." वाचूनच तर गोंधळ झालाय.

आडवा_धागा: ताई, तुमचं कुठेच चुकलेलं नाही, फक्त घड्याळ बघायचं राहिलंय. टोचलेल्या आरएनएपासून प्रथिन लगेच बनतं. डीएनए मात्र भ्रूणाची स्वतःची जनुकं सुरू होईपर्यंत गप्प बसतो, म्हणजे 12 विभाजनं होऊन सुमारे 4000 पेशी होईपर्यंत, मिड-ब्लास्टुला या अवस्थेपर्यंत. म्हणून एक विंट लवकर पोचला, दुसरा उशिरा.

आमचं घर यंत्रमागवाल्यांचं, त्यामुळे मला हे चादरीवरूनच समजतं. धोट्यातला धागा तोच असतो, पण नक्षी कोणती उठणार हे त्या क्षणी जॅकार्डने ताण्याचे कोणते धागे उचललेत त्यावर. सुरुवातीचं बीटा-कॅटेनिन सियामोआसारख्या पाठीच्या जनुकांच्या हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर) खूण करून ठेवतं. ती जनुकं चालू होतात मिड-ब्लास्टुलानंतर, पण निवड आधीच झालेली असते. उशिरा आलेल्या विंटला वेगळी जनुकं सापडतात, पोटाकडची आणि शेपटीकडची. सेमिनारला आडवा अक्ष काळाचा घेऊन एकच आकृती काढा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

प्रश्नकर्ती: दादा, डोक्यात लख्ख प्रकाश पडला! एकच विचारते. लिथियम जीएसके-3 ला (बीटा-कॅटेनिन मोडायला लावणाऱ्या एन्झाइमला) अडवून बीटा-कॅटेनिन वाचवतं, आणि 32 पेशींच्या अवस्थेत दिलं तर भ्रूण जवळजवळ नुसतं डोकंच होतं. मग तेच लिथियम उशिरा दिलं तर डोकं खुरटायला हवं ना?

आडवा_धागा: खुरटतंच. झेनोपसवर 1989 मध्ये हे करून पाहिलेलं आहे, मिड-ब्लास्टुलाला परिणाम उलटतो. स्लाइडवर हेच पहिलं टाका.